गोव्यातला वयात येण्याचा सिनेमा आणि त्यातली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्र सिनेमाच्या पटकथा वाचून देणं आणि कधीच कॅमेऱ्यासमोर न आलेल्या मुलांकडून काम करून घेणं, या दोन कामांमुळे आमच्याकडे प्रश्न येत राहतात. विचारणारे बहुतेक पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडचे. काही सिंधुदुर्गातले, काही पुण्या-मुंबईत राहून गोव्यावर लिहिणारे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वयात येण्याचा सिनेमा म्हणजे लहान मुलांचा सिनेमाच ना?

नाही. बालचित्रपटाचा प्रेक्षक मूल असतो. इथे मूल हे पात्र असतं, प्रेक्षक कुणीही असो. नायक किंवा नायिका साधारण दहा ते अठरा वर्षांची असते. तोवर गृहीत धरलेल्या घराचे, गावाचे, मैत्रीचे नियम तिला एकेक करून कळत जातात. आजी अमुक घरचं पाणी का घेत नाही? भाटकार, म्हणजे जमीनमालक, दारात आला की बाबांचा आवाज खाली का येतो? रोज खेळायला येणारी मैत्रीण अचानक यायची का थांबली? जात, धर्म, भाषा, पैसा आणि मुलगी असणं यांची मुलाला पहिली ओळख होते, तीच इथली गोष्ट. त्यामुळे या प्रकारात प्रतिनिधित्वाचा विषय बाहेरून आणावा लागत नाही. तो टाळायचा म्हटलं तर मात्र बरीच धडपड करावी लागते.

२. प्रतिनिधित्व म्हणजे प्रत्येक जातीधर्माचं एकेक पात्र घ्यायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक पटकथा इथेच घसरतात. २०११च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिश्चन आणि ८ टक्के मुसलमान आहेत. अनुसूचित जमातींचं प्रमाण साधारण १० टक्के आहे. हे आकडे समोर ठेवून पात्रं वाटलेली पटकथा पहिल्या पानावरच ओळखू येते. चार मित्र असतात: एक हिंदू, एक ख्रिश्चन, एक मुसलमान आणि चौथा कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबातला. चौघं एका पुलावर बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आपापल्या सणाचा एक प्रसंग येतो. सरकारी जाहिरातीला हे चालतं.

सरासरी गोवा कुठल्याच गावात राहत नाही. सत्तरीतल्या गावाची माणसं वेगळी, सासष्टीतल्या गावाची वेगळी, वास्कोच्या बायणा भागाची तर अगदीच वेगळी. म्हणून आधी गाव पक्कं करा, मग साल, मग शाळा, मग त्या वर्गाची हजेरी लिहा. समजा गोष्ट २०१२ सालच्या, खाणपट्ट्यातल्या एका गावची आहे. त्या वर्षी सप्टेंबरात गोव्यातलं खाणकाम थांबलं. ज्या घराने कर्ज काढून टिपर (खनिज वाहणारा ट्रक) घेतला होता, त्याच्या अंगणात तो उभा राहिला. टिपर चालवायला बाहेरून आलेले ड्रायव्हर भाड्याच्या खोल्या सोडून गेले, म्हणजे त्यांची मुलं वर्गातून गेली. गॅरेजवाला, चहाच्या गाड्यावाली, कंपनीत पगारी नोकरीला असलेला कारकून या प्रत्येकाच्या घरी त्याच बातमीचा अर्थ निराळा झाला. आता हजेरी वाचा. कोण गैरहजर आहे, कुणाचं नाव पटावरून कमी झालंय, कुणाच्या वह्या या वर्षी जुन्याच आहेत? विविधता तिथेच सापडते, आणि तिच्यासाठी एकाही सणाचं शूटिंग करावं लागत नाही.

पात्र तयार झाल्यावर एक तपासणी करा. नायक घरात नसताना हे पात्र काय करत असेल? उत्तर सुचत नसेल, तर ते पात्र नायकाला समजूतदार दाखवण्यापुरतंच आणलेलं आहे. त्याला स्वतःची एखादी गरज द्या, नाहीतर काढून टाका. काढून टाकण्यात कमीपणा नाही.

३. आमचं बजेट फार लहान आहे. हे सगळं परवडेल का?

कास्टिंगला महिना जास्त द्या, एवढंच. गर्दीचे प्रसंग आणि उसने वाडे यांवर जाणारा पैसा वाचला तर उलट स्वस्तच पडतं.

४. गोव्यातली गोष्ट मराठीत का करायची? ती कोंकणीतच हवी, असं लोक म्हणतात.

भाषावादात आम्ही पडत नाही. त्यासाठी गोव्यात वर्तमानपत्रांची पानं कधीच कमी पडलेली नाहीत. कायद्यापुरतं सांगायचं, तर १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. २०११च्या जनगणनेत मातृभाषा कोंकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के होते, मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के.

पटकथेला या आकड्यांपेक्षा घरातला व्यवहार उपयोगी पडतो. उत्तर आणि मध्य गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत आईशी बोलणं कोंकणीत चालतं आणि भजन, आरती, गावच्या जत्रेतलं नाटक, वर्तमानपत्र हे सगळं मराठीत. मूल चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळेत जातं आणि पाचवीत बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यमात पडतं. कालपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी जूनच्या एका सोमवारी विज्ञानाच्या पुस्तकातलं एकही वाक्य समजत नसल्यामुळे शेवटच्या बाकावर जाऊन बसते. गोव्यात वयात येण्याची याहून अस्सल घटना आम्हाला तरी ठाऊक नाही, आणि ती पडद्यावर फारच क्वचित दिसते.

त्यामुळे सगळी पात्रं सगळीकडे एकच भाषा बोलतात, असं लिहू नका. कुठल्या दाराआड कुठली भाषा, हे आधी ठरवा. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर सिनेमाची भाषा नमूद होते आणि पुरस्कारांचे विभागही भाषेवर ठरतात. तेव्हा मुख्य भाषा कोणती धरायची, हे निर्मात्याशी शूटिंगच्या आधीच बोलून घ्या.

५. मराठी पात्रांनी पुण्याची मराठी बोलावी की गोव्यातली? प्रेक्षकांना कळेल का?

कळतं. न कळलं तर खाली उपशीर्षकं असतात.

डिचोलीजवळच्या एका ऑडिशनमध्ये नववीतल्या एका मुलीला सांगितलं होतं, "धाकट्या भावाने तुझी सायकल मोडली आहे, त्याला झाप." कॅमेरा सुरू होताच ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "तू माझी सायकल का मोडलीस? मी आता आईला सांगते." शब्द नीट, चेहरा स्नेहसंमेलनाचा. मग आम्ही थांबलो. तिचा खरा भाऊ दारात बसून फाटकाचा खिळा उचकटत होता. कॅमेरा बंद झाल्याचं पाहून ती त्याच्यावर तुटून पडली, "सायकल मोडली मरे तुवें! चल घरा, आवय दितली तुका बरें!" हात कमरेवर, मान वाकडी, आवाज थेट तिच्या आईचा असणार. भूमिका तिला मिळाली ती या दुसऱ्या वाक्यावर.

कॅमेरा दिसला की मूल पुस्तकी मराठीत शिरतं, कारण शाळेने त्याला "नीट बोल" एवढंच शिकवलेलं असतं. म्हणून संवाद पाठ करायला देऊ नका. प्रसंग सांगा, मुलं काय बोलतात ते लिहून घ्या आणि तेच पटकथेत उतरवा. पेडण्याची बोली मालवणीकडे झुकते, फोंड्याची अंत्रुजी निराळी, सत्तरीचा हेल निराळा. एका घरातली सगळी पात्रं निदान एका तालुक्यातली वाटली पाहिजेत. बाहेरून सून आलेली असेल तर तिची बोली वेगळी ठेवा. ती ते घर शिकतेय, हे त्यातूनच दिसतं.

६. आमच्या नायकाचा मित्र ख्रिश्चन आहे. तो साचेबंद होऊ नये म्हणून काय करावं?

हिंदी सिनेमाने तयार केलेला सांगाडा सगळ्यांना पाठ आहे: बाटली, गिटार, फुलाफुलांचा शर्ट, मोडकं हिंदी. एवढं वगळलं की काम झालं, असं समजू नका. नवा साचा म्हणजे भला, हळवा, केक देणारा शेजारी. तोही तितकाच पोकळ.

घर लिहा. बाप तारवटी (खलाशी) असेल, वर्षातले बरेच महिने जहाजावर. घर, शेत, बँक सगळं आई बघते आणि बाप सुट्टीवर आला की आठवडाभर दोघांनाही कळत नाही की आता शब्द कुणाचा चालायचा. किंवा थोरला भाऊ पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांमागे आहे आणि धाकट्याला आत्तापासून ठाऊक आहे की हे घर एक दिवस बंद पडणार. गोव्यातल्या ख्रिश्चन समाजातही बामण, चारडो, सुदीर असे जातिभेद आहेत. सोयरीक ठरवताना ते वर येतात, मुलांना कुजबुजीतून कळतात. हिंदू लेखकाला हे बऱ्याचदा माहीतच नसतं, कारण त्याच्या लेखी "ते सगळे एकच" असतात.

संवाद त्या तालुक्यातल्या ख्रिश्चन माणसाकडून वाचून घ्या. बारदेसची आणि सासष्टीची कोंकणी एक नव्हे.

७. आणि मुसलमान पात्र असेल तर?

सहाव्या प्रश्नातलं सगळं लागू आहे, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पटकथांमध्ये गोव्यातला मुसलमान नेहमी कुठून तरी आलेला असतो. फोंड्याची साफा मशीद सोळाव्या शतकातली, आदिलशाही काळातली आहे. वाळपई, साखळी, फोंडा इथली कितीतरी मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच आहेत आणि त्यांची मुलं त्याच मराठी शाळांत शिकलेली आहेत. तुमचं पात्र कुठलं ते ठरवा. बाहेरून आलेलं असेल तर कधी आणि कुठून, तेही ठरवा.

८. जात थेट नाव घेऊन दाखवावी की सूचित करावी?

मुलाच्या नजरेनं पाहिलंत तर उत्तर सापडतं. मुलाला जातीचं नाव फार उशिरा कळतं, नियम फार लवकर कळतात. कुणाच्या घरी चुलीपर्यंत जाता येतं आणि कुणाच्या घरी फक्त सोप्यावर बसायचं, हे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. गोव्यात देवळांची महाजनकी (कारभाराचा हक्क) वंशपरंपरेनं चालते. १९३३च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीवर आजही देवस्थानांचा कारभार उभा आहे. पालखीला खांदा कुणाचा, आधी गाऱ्हाणं कुणाचं, गर्भागारापर्यंत कोण जाणार, हे ठरलेलं असतं. वर्गात आपल्याच बाकावर बसणारा मित्र जत्रेच्या रात्री एका ठरावीक पायरीपाशी थांबतो, पुढे येत नाही, आणि त्याला तिथे थांब असं कुणीही सांगितलेलं नसतं. एवढा प्रसंग पुरे आहे. त्यानंतर कुठल्याही मास्तरने समतेवर भाषण देऊ नये.

आडनावांवर मात्र विसंबू नका. गोव्यात नाईक हे आडनाव कितीतरी समाजांत आहे. आडनाव ऐकून प्रेक्षकाला जात कळेल, हा महाराष्ट्राकडचा हिशेब इथे चुकतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. जात सूचित करण्याच्या नावाखाली ती पुसून टाकणारेही पुष्कळ आहेत. सिनेमा संपल्यावर तुमच्या गावातल्या माणसाला कोण कुठला हे कळलंच नाही, तर ते सूचन नव्हे, ती भीड.

९. गावडा, कुणबी किंवा वेळीप समाजातली नायिका घ्यायची आहे. काय सांभाळावं?

या तिन्ही समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. म्हणजे १९९५ साली घडणाऱ्या गोष्टीतली मुलगी "एसटीच्या जागेवर" प्रवेश घेऊ शकत नाही. ही चूक आम्ही छापील पटकथांत पाहिली आहे.

गावडा समाजात हिंदू आहेत, ख्रिश्चन आहेत आणि १९२८च्या शुद्धीकरणात ख्रिश्चन धर्मातून हिंदू धर्मात आलेले नवहिंदूही आहेत. एकाच कुळातल्या दोन घरांत धर्म वेगळा असू शकतो, त्यामुळे "आदिवासी पात्र" आणि "ख्रिश्चन पात्र" असे दोन वेगळे रकाने आखणाऱ्या लेखकाची इथे पंचाईत होते. अशी दोन घरं आणि त्यांतल्या दोन मुली ही आख्खी पटकथा होऊ शकते.

नाच आणि लुगडं यांपासून जरा लांब राहा. पर्यटन महोत्सवात, हॉटेलच्या हिरवळीवर कुणबी नाच इतका दाखवला गेलाय की प्रेक्षकाला तेवढंच ठाऊक आहे. जमीन, काजूची लागवड, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून राहतं घर नावावर होण्यासाठी मामलेदार कचेरीतल्या खेपा हे कुणी दाखवत नाही. मुंडकार कायदा १९७५चा आहे आणि त्याखालची प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळतात. वडिलांसोबत फाइल धरून बाकड्यावर बसलेली, इंग्रजी नोटीस वाचून दाखवणारी चौदा वर्षांची मुलगी आम्हाला त्या नाचापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

आणि गोऱ्या मुलीला काळा रंग फासून या भूमिकेत उभं करू नका. हा प्रश्न आजही येतो, म्हणून लिहावं लागतंय.

१०. "घांटी", "भायले" असे शब्द संवादात ठेवावेत का? लोक खरंच तसं बोलतात.

हे बाहेरून आलेल्यांना हिणवणारे शब्द. ठेवा, पण ज्याला उद्देशून शब्द वापरला त्याचा चेहरा कॅमेऱ्यात असू द्या. नुसतं हशा पिकवायला शब्द आला असेल, तर काढा.

आमचा सल्ला: तो शब्द नायकाच्याच तोंडी द्या. खलनायकाने शिवी दिली की प्रेक्षक मोकळा होतो. आपल्याला आवडलेला मुलगा तीच शिवी सहज, क्रिकेट खेळता खेळता देतो, तेव्हा प्रेक्षकाला कुठे पाहावं ते कळत नाही. किनाऱ्यालगतच्या आणि शहरांतल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा आज कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांवर चालल्या आहेत. ती मुलं घरी कन्नड किंवा लमाणी, वर्गात मराठी-कोंकणी आणि बाजारात हिंदी बोलतात. मधल्या सुट्टीतल्या भाजी-पावासाठी रांगेत उभं राहून तीन भाषांत भांडणारं मूल हे गोव्याचंच मूल आहे. त्याला फक्त शिवी खाण्यापुरतं आणू नका. प्रश्न २ मधली तपासणी त्यालाही लावा.

११. मुलीच्या वयात येण्याची गोष्ट पुरुष दिग्दर्शकाने करावी का?

करू नये असं काही नाही, पण एकट्याने करू नये. पहिल्या पाळीचा प्रसंग असलेल्या पटकथा आमच्याकडे बऱ्याच येतात आणि पुरुषांनी लिहिलेल्या जवळजवळ सगळ्यांत तो प्रसंग एकाच साच्यात असतो: रक्ताचा डाग, घाबरलेला चेहरा, आईची मिठी. बायकांनी लिहिलेल्यांत कटकट असते. डाग धुवायचा कुठे, पॅड टाकायचं कुठे, शाळेच्या संडासाला कडी नाही, चार दिवस तुळशीकडे जायचं नाही म्हणून अंगणाचा लांबचा वळसा. लेखनात एक तरी बाई हवी, आणि कॅमेऱ्यामागे असेल तर आणखी बरं. चित्रपट प्रमाणन मंडळातही निदान एक तृतीयांश सदस्य महिला असाव्यात, शक्यतो निम्म्या, असं २०२४च्या नियमांनी घालून दिलं आहे. तुमच्या युनिटने तेवढं तरी गाठावं.

१२. अपंग पात्राबद्दल काही कायदा आहे का?

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरच्या अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. हिणवणारे शब्द टाळावेत, व्यंगावर हसणं आणि अपंग माणसाच्या अनुभवातून आलेला विनोद यांत फरक करावा, निर्मितीत अपंग व्यक्तींचा सहभाग असावा, असा त्याचा रोख आहे.

पटकथेपुरतं सांगायचं तर दोन शेवट आम्ही पाहताक्षणी परत पाठवतो: अपंग भाऊ मरतो आणि नायक शहाणा होतो, किंवा अपंग मुलगी शर्यत जिंकते आणि गाव शहाणं होतं.

१३. सिनेमा अपंग प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणंही बंधनकारक आहे का?

केंद्र सरकारच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमा विभागाकडे आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी १ जानेवारी २०२५पासून पाठवल्या जाणाऱ्या सिनेमांना बहिऱ्या प्रेक्षकांसाठी कॅप्शन (संवाद आणि आवाजांचा पडद्यावरचा मजकूर) आणि अंध प्रेक्षकांसाठी ध्वनिवर्णन लागतं. याचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. ध्वनिवर्णन लिहिणाऱ्याला तुमची बोली समजली पाहिजे, नाहीतर डोंगरातल्या घराचं वर्णन प्रमाण मराठीच्या बातमीपत्रासारखं ऐकू येतं.

१४. मुलाला मुलगा आवडतो अशी गोष्ट आहे. प्रमाणपत्र मिळेल का?

विषयामुळे अडत नाही. ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर प्रौढांमधले समलैंगिक संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. प्रमाणनात आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशा पायऱ्या आहेत. प्रसंगांच्या मांडणीवर तुमची पायरी ठरते. वयोगटाची ही खूण पालकांच्या मार्गदर्शनासाठी असते.

गोव्याबद्दल एक सूचना. "किनाऱ्यावर सगळं चालतं" हा पर्यटकांचा समज तुमच्या पात्राच्या कामाचा नाही. कळंगुटला शनिवारी रात्री काय चालतं आणि केरी-सत्तरीतल्या सतरा वर्षांच्या मुलाला घरी काय बोलता येतं, यांच्यात दोन बस बदलण्याइतकं अंतर आहे. कदंब महामंडळाची शेवटची बस चुकली तर त्याला घरी काय सांगावं लागेल, इथून लिहायला घ्या.

१५. बालकलाकारांसाठी कोणती परवानगी लागते?

चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करता येतं, पण अटींवर. बालकामगार कायद्यातली २०१६ची दुरुस्ती आणि २०१७चे नियम पाहा. ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाची इच्छा नसेल तर काम नाही.

शेवटच्या अटीकडे कुणी लक्ष देत नाही. आईवडिलांचा होकार म्हणजे मुलाचा होकार, असं धरलं जातं. मुलाला एकटं, आईवडील नसताना विचारा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

१६. गावातलीच मुलं घ्यावीत की मुंबईहून तयार मुलं आणावीत?

गावातली. प्रश्न ५ मध्ये कारण दिलंच आहे. मात्र शूटिंगनंतरचा विचार तुमच्याकडे असायला हवा. महिनाभर तीस माणसं त्या मुलाभोवती असतात आणि मग एका संध्याकाळी टेम्पो निघून जातो. तो परत वर्गात बसतो तेव्हा त्याला सिनेमातल्या पात्राच्या नावाने हाका मारतात. पात्र चोरी करणारं असेल, किंवा अंथरुणात शू करणारं असेल, तर ते नाव त्याला चिकटतं. शूटिंग मे महिन्यात आटपा, शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि पात्राचं नाव त्या मुलाच्या वाड्यावर कुणाचंच नाही, याची खात्री करा.

१७. सोळा-सतरा वर्षांच्या पात्रांमध्ये जवळिकीचा प्रसंग आहे. कलाकारही त्याच वयाचे आहेत. चालेल का?

नाही. कलाकार अठरा वर्षांखालचा असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या दृष्टीनं तो बालक आहे आणि त्याची किंवा आईवडिलांची संमती तिथे उपयोगी पडत नाही. वयाने अठरा पूर्ण झालेला कलाकार घ्या किंवा प्रसंग बदला. खरं तर या वयात हात हातात येण्याआधीचे दहा सेकंद पुरतात.

१८. देऊळ, चर्च, जत्रा यांच्या चित्रीकरणाची परवानगी कुणाकडून घ्यायची?

गोव्यात शूटिंगच्या परवानग्यांचं काम गोवा मनोरंजन संस्थेकडे आहे. तिथला कागद हाती आला तरी देवस्थान समितीची, चर्चच्या पाद्रींची, पंचायतीची संमती वेगळी घ्यावीच लागते. जुन्या गोव्यातली स्मारकं पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतात. खरी जत्रा चालू असताना चोरून कॅमेरा काढू नका. अंगात आलेल्या बाईचा चेहरा तुमच्या कथेतल्या पात्राचा म्हणून वापरला जातो, हा तिच्यावर अन्याय आहे.

१९. महोत्सवासाठी "विविधता वाढवा" असं सल्लागार सांगतात. ऐकावं का?

इफ्फी २००४पासून पणजीत भरतो आणि एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार २००७पासून त्याच दिवसांत, त्यामुळे गोव्यातल्या लेखकाला असे सल्ले चहाच्या कपाबरोबर मिळतात. सल्ला देणारा तुमच्या गावाबद्दल बोलत असेल तर ऐका, बाजाराबद्दल बोलत असेल तर हसून चहा प्या. लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मुनिस'ला २००९ साली टोरंटो महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला. सीमेवरच्या रानात राहणारा एक वनरक्षक आणि एक मनोरुग्ण बाई एवढ्यावर तो सिनेमा उभा आहे. त्यात समुद्रकिनाऱ्याचं काही काम नव्हतं.

२०. ज्या समाजाबद्दल सिनेमा आहे, त्यांनी प्रदर्शनाला विरोध केला तर?

कायदा तुमच्या बाजूने आहे. आरक्षणावरच्या एका तमिळ सिनेमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं की, निदर्शनांच्या धमक्यांमुळे शासनाने प्रमाणित सिनेमा रोखू नये. सुव्यवस्था राखणं हे शासनाचं काम आहे. प्रमाणन मंडळाच्याच निर्णयावर हरकत असेल, तर अपील न्यायाधिकरण २०२१ साली रद्द झाल्यापासून थेट उच्च न्यायालयात जावं लागतं.

पण खटला जिंकूनही गावात तोंड दाखवता येत नसेल, तर पुढचा सिनेमा तिथे होणार नाही. संकलन पक्कं होण्याआधी त्या वाड्यावर एक खेळ करा. समाजाच्या अध्यक्षांना नव्हे, तिथल्या शाळकरी मुलांना आणि त्यांच्या आयांना बोलवा. "आमची बदनामी केली" आणि "आमच्यात हे असं नसतं" या दोन तक्रारी वेगळ्या असतात. दुसरी जवळजवळ नेहमी बरोबर असते आणि संकलनात दुरुस्त करता येते. पहिली ऐकून घ्या, निर्णय तुमचा.

२१. मी स्वतः त्याच समाजातली आहे. मग मला कुणाला विचारायची गरज नाही ना?

समाजाची संमती लागत नाही, घरच्यांची लागू शकते. हा प्रश्न बहुतेक वेळा कळावंत (देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या बायकांच्या) परंपरेतल्या घरांतल्या मुलींकडून येतो. त्यांना आजीवर किंवा पणजीवर लिहायचं असतं. या परंपरेने हिंदुस्थानी संगीताला थोर गायिका दिल्या, आणि याच गोमंतक मराठा समाजातून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आले. तरीही काही घरांत अमुक पिढीच्या आधीचं बोललं जात नाही, आणि लेखिकेची मावशी म्हणते, "आमचं काही दाखवू नकोस."

नाव, गाव, देऊळ बदलून हे सुटत नाही. गोव्यात तीन तपशिलांवरून घर ओळखतात. आम्ही अशा लेखिकांना आधी दोन याद्या करायला सांगतो. एकीत तुम्ही स्वतः पाहिलं, शाळेत ऐकलं, आडून कानावर आलं ते. दुसरीत आजीने किंवा मावशीने विश्वासाने सांगितलं ते. पहिल्या यादीवर तुमचा पूर्ण हक्क आहे. शिवाय वयात येण्याची गोष्ट तिच्यातच असते, कारण ती नातीची आहे. दुसऱ्या यादीतलं काही घ्यायचं असेल, तर पहिल्या खर्ड्याच्या आधी, तोंडी नव्हे तर लिहून, आणि कुठला प्रसंग ते स्पष्ट सांगून विचारा. निर्माता ठरल्यावर आलेला नकार पाळणं फार महाग पडतं, आणि तो न पाळणं तर आणखीनच.